पियानो आणि एक आवाज: अमेरिकन कॅबरे गाण्यांचा लाइव्ह अल्बम ठाण्यात रेकॉर्ड करायचा आहे, मदत हवी

माजिवडा_मेझो

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत ठाण्यात एका छोट्या सभागृहात अमेरिकन कॅबरे गाण्यांचा (नाच नाही, छोट्या जागेत प्रसंग रंगवून म्हटलेली गाणी) कार्यक्रम ठरतो आहे. खुर्च्या साधारण दीडशे. माझा मेझो (मधल्या पट्टीचा स्त्री-)आवाज आणि पियानो, बाकी कोणी नाही. शनिवारी आणि रविवारी तोच कार्यक्रम दोनदा होईल आणि त्यातून लाइव्ह अल्बम काढायचा आहे. गाणी चौदा: सहा संगीतकार विल्यम बोल्कम आणि कवी आर्नल्ड वाइनस्टीन यांच्या ‘कॅबरे साँग्ज’मधली, सात १९२० आणि १९३०च्या दशकांतली ब्रॉडवेची (न्यूयॉर्कच्या संगीतनाटकांची), आणि एक जुनं गाणं मराठीत करून.

अडलंय ते असं. सभागृहात ग्रँड पियानो नाही. भाड्याने आणावा की चांगला डिजिटल चालेल? माइक किती आणि कुठे? प्रेक्षकांचा हशा-टाळ्या किती ठेवायच्या? आणि परवान्यांचं नेमकं काय? शिवाय उच्चारांबद्दल कोणी स्पष्ट बोलणार असेल तर तेही हवंय. या गाण्यांत शब्द कळले नाहीत तर उरतं फार थोडं, म्हणून सगळे निर्णय शब्दांच्या बाजूने घ्यायचे आहेत.

वाशी_ध्वनी

ताई, शब्दांच्या बाजूने ठरवायचं म्हणताय तर सुरुवात माइकपासून नाही, उभं कुठे राहायचं इथून करा.

गायिका ग्रँडच्या खोबणीत, म्हणजे त्याच्या आत वळलेल्या बाजूपाशी, उभी राहते ते फोटोत छान दिसतं, पण रेकॉर्डिंगला त्रासाचं ठरतं. पियानो तुमच्या पाठीमागे येतो. तुमच्या तोंडाकडे वळवलेला माइक तेवढ्याच तयारीने त्याच्याकडेही वळलेला असतो. मग मिक्सिंगला आवाज वर घेतला की पियानोही वर येतो, आणि तोही लांबून आल्यासारखा पोकळ. त्यापेक्षा पियानोच्या शेपटीच्या (पट्ट्यांच्या विरुद्ध बाजूच्या निमुळत्या टोकाच्या) पुढे, एक-दीड मीटर बाजूला उभ्या राहा. पियानो तुमच्या उजव्या हाताला येईल. वादकाची नजर तशीही शेपटीच्या दिशेने असते, त्यामुळे मान न वळवता त्याला तुमचा श्वास दिसेल. या गाण्यांची सुरुवातीची मोकळी, बोलल्यासारखी व्हर्स (मुख्य चालीआधीचा भाग) ठेक्याशिवाय श्वासावरच चालते, तिथे याचा फार उपयोग होतो.

आता माइक. सभागृहात ध्वनिवर्धक अजिबात लावणार नसाल तर आवाजाला फिगर-एट माइक घ्या. तो दोन्ही कुशींना, म्हणजे ९० अंशांवर, जवळजवळ बहिरा असतो. पियानो नेमका त्या कुशीत बसवायचा. मागची बाजू प्रेक्षकांकडे उघडी राहते, थोडा हशा येतो, तो चालतो. ध्वनिवर्धक लागणारच असेल तर सुपरकार्डिऑइड (कार्डिऑइड म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक, सुपरकार्डिऑइड त्याहून अरुंद). कार्डिऑइड ९० अंशांवर फक्त ६ डेसिबल कमी ऐकतो, सुपरकार्डिऑइड साधारण ९ डेसिबल कमी, आणि सर्वांत बहिरा तो १२६ अंशांच्या आसपास असतो. माइक थोडा पियानोच्या बाजूने तुमच्याकडे वळवला की पियानो त्या कोनाजवळ जातो. पियानोला मात्र दीडशे खुर्च्यांत ध्वनिवर्धक नकोच, आणि तुमच्या पायाशी मॉनिटरही (स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) नको.

अंतर २० ते २५ सेंटिमीटर, उंची हनुवटीची, आणि माइक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता १५-२० अंश बाजूला. हे का, ते उच्चारांबद्दल जो लिहील तो सांगेल.

पियानोसमोर छोट्या डायफ्रॅमचे दोन कंडेन्सर कार्डिऑइड, एकमेकांपासून १७ सेंटिमीटर, ११० अंशांचा कोन, कडेपासून सुमारे एक मीटर, उंची सव्वा ते दीड मीटर. झाकण छोट्या काठीवर. पूर्ण उघडलं तर तुमचं पुटपुटणं बुडेल. पूर्ण बंद केलं तर हातोड्यांचा नेमकेपणा जातो आणि डाव्या हाताचा गाळ होतो.

प्रेक्षकांसाठी आणखी दोन, रंगमंचाच्या पुढच्या कडेला, दोन-सव्वादोन मीटर उंच, पाठ तुमच्याकडे. पहिल्या रांगेच्या अगदी डोक्यावर नकोत, नाहीतर सगळ्या अल्बमभर एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू येतात. हे माइक तुमच्यापासून पाच मीटरवर असतील तर तुमचा आवाज तिथे साधारण १४-१५ मिलिसेकंद उशिरा पोचतो (एका मीटरला सुमारे २.९). नंतर तेवढं मागेपुढे सरकवून बघा. कधी आवाज घट्ट होतो, कधी खोलीचा मोकळेपणा जातो. कानाने ठरवा.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तालमीत सर्वांत मोठा सूर वजा १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण प्रेक्षक समोर आले की गळा चार-सहा डेसिबल वर जातोच. एक रेकॉर्डर मुख्य, दुसरा त्याच वेळी स्वतंत्र कार्डवर, स्वतंत्र बॅटरीवर.

आणि वीज. दिव्यांच्या डिमरची भुणभुण ही नाट्यगृहांतली नेहमीची डोकेदुखी. दिवे निम्म्यावर असताना ती सर्वांत जास्त असते, आणि कॅबरेला नेमका तोच उजेड हवासा वाटतो! सभागृहाच्या वीजतंत्रज्ञाला आधीच भेटून ध्वनीसाठी वेगळा फेज मागा. माइकच्या तारा दिव्यांच्या तारांना समांतर नेऊ नका, ओलांडायच्याच तर काटकोनात. लॅपटॉप बॅटरीवर.

नौपाडा_सूर

पियानोबद्दल लिहितो.

डिजिटल नको. वादन वाईट होईल म्हणून नाही. लाइनमधून घेतलेल्या डिजिटलच्या आवाजाला तुमच्या सभागृहाची हवाच लागलेली नसते. आवाज खोलीत आणि पियानो खोलीबाहेर, असं अल्बमभर ऐकू येत राहतं. आणि सभागृहात तो ऐकवायला स्पीकर लावावे लागतात, म्हणजे वर सांगितलेली सगळी माइकची मांडणी वाया. अगदीच ग्रँड जमला नाही तर १२० सेंटिमीटरच्या वरचा चांगला अपराइट घ्या, वरचं झाकण उघडा, माइक त्याच्या पाठीमागे साउंडबोर्डपाशी (तारांचा नाद वाढवणाऱ्या लाकडी फळीपाशी) लावा.

ग्रँड आणणार असाल तर साडेपाच-सहा फुटांचा पुरे. तो गुरुवारी रात्रीपर्यंत सभागृहात पोचलाच पाहिजे. टेम्पोतून आलेला पियानो लगेच ट्यून करून त्याच दिवशी रेकॉर्ड केला की दुसऱ्या तासाला युनिझन उसवायला लागतात, म्हणजे एकाच स्वराच्या तीन तारा आपसात भांडायला लागतात. कारण हवा. लाकडी साउंडबोर्ड दमट हवेत फुगतो आणि सूर चढतो, कोरड्या हवेत आकसतो आणि उतरतो. साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता त्याला मानवते. ठाण्यात पावसाळ्यात ती ८५च्याही वर जाते, म्हणून फेब्रुवारी निवडलात हे उत्तम.

तरी एसीचा फरक राहतोच. शनिवारी ट्यूनर आला तेव्हा एसी बंद, कार्यक्रमाला चालू, असं झालं तर ट्यूनिंग फुकट. कार्यक्रमाला जेवढं तापमान ठेवणार तेवढंच निदान तीन-चार तास आधीपासून ठेवा आणि मग ट्यून करा. मध्यंतरात दहा मिनिटं फक्त युनिझन तपासायला द्या. दिव्यांचा झोत तारांवर पडू देऊ नका, तारा तापल्या की उतरतात.

एसीचा ब्लोअर रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो हे खरं. पण गाण्यागणिक तो बंद-चालू करू नका, प्रत्येक गाण्याची पार्श्वभूमी वेगळी होते आणि जोडकाम दिसतं. सभागृह आधी थंड करून घ्या आणि कार्यक्रमभर सर्वांत कमी वेगावर ठेवा.

वादकासाठी: पॅडल दाबताना कुरकुरतं का, स्टूल करकरतं का, हे शुक्रवारी रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. माणसांनी भरलेल्या सभागृहात ते ऐकू येत नाही, अल्बममध्ये मात्र प्रत्येक हळव्या जागी येतं.

आणखी एक. ब्रॉडवेची गाणी छापील पट्टीत मेझोला बोलण्याच्या सुरापेक्षा उंच पडतात, म्हणून आपण ती तीन-चार स्वर खाली आणतो. पण नुसती पट्टी उतरवली की डाव्या हाताचे जवळजवळचे स्वर खालच्या सप्तकात गढूळ होतात. तिथे मधला स्वर काढून टाकायचा किंवा वरच्या सप्तकात उजव्या हाताकडे द्यायचा. हे जुन्या गाण्यांपुरतंच. बोल्कमच्या गाण्यांत पियानोचा भाग सुट्या स्वरापर्यंत लिहिलेला आहे, तो लिहिल्याप्रमाणेच वाजवावा. त्यातल्या मोकळ्या जागाही लिहिलेल्याच आहेत, त्या भरायला जाऊ नये.

बेलापूर_परवाना

परवान्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात.

पहिली, सभागृहात गाणं. शब्द आणि चाल यांच्या जाहीर सादरीकरणासाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची भारतीय संस्था) परवाना. परदेशी संस्थांशी त्यांचे करार असतात, म्हणून गाण्यांची यादी गीतकार-संगीतकारांच्या नावांसह द्या. पीपीएल ही दुसरी संस्था वाजवल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रणांसाठी आहे. प्रेक्षक आत येताना स्पीकरवर काही लावणार असाल तरच तिचा प्रश्न येतो. न लावणं सर्वांत सोपं, आणि पियानोच्या दृष्टीनेही बरं.

दुसरी, रेकॉर्ड करून विकणं. इथे प्रत्येक गाणं सुटं तपासायचं. अमेरिकेत त्या काळातल्या गाण्यांचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षं चालतो. १ जानेवारी २०२६पासून १९३०पर्यंत प्रकाशित झालेली गाणी तिथे मुक्त आहेत, आणि दर जानेवारीत एक वर्ष पुढे सरकतं. भारतात हिशोब वेगळा: लेखकाचा मृत्यू, त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. शब्द आणि संगीत या दोन स्वतंत्र कृती धरल्या जातात. उदाहरणार्थ, कोल पोर्टर १९६४ साली गेले आणि शब्द-चाल दोन्ही त्यांचीच, म्हणून भारतात त्यांची गाणी १ जानेवारी २०२५पासून मुक्त झाली. पण त्यांची १९३४ची गाणी अमेरिकेत अजून हक्काखाली आहेत. अल्बम स्ट्रीमिंगवर जगभर जाणार, म्हणजे फक्त भारताचा हिशोब पुरत नाही. उलट जॉर्ज गर्श्विन १९३७ साली गेले, शब्द लिहिणारे भाऊ आयरा १९८३ साली. तिथे चाल मुक्त, शब्द नाहीत, असं होऊ शकतं. १९३०पर्यंत प्रकाशित झालेलं गाणं मूळ देशातच मुक्त असेल तर भारतात त्याला त्याहून जास्त मुदत मिळत नाही, म्हणून तुमच्या सात गाण्यांत शक्य तेवढी १९३०पर्यंतची निवडा.

यात एक खाच आहे. गाणं जुनं असलं तरी तुमच्या हातातल्या पुस्तकातली पियानोची मांडणी १९९०ची असू शकते, आणि तिचा हक्क वेगळा. मूळ प्रकाशित स्वरलिपीवरून काम करा किंवा स्वतः मांडणी करा.

भारतीय कायद्यातलं कलम ३१सी, कव्हर व्हर्जनचं, इथे फारसं उपयोगी नाही. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झालेली असावी लागतात, आधी नोटीस द्यावी लागते आणि प्रत्येक गाण्याच्या वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. दीडशे खुर्च्यांच्या कार्यक्रमाला ते परवडणारं नाही. थेट प्रकाशकाला लिहा. ‘कॅबरे साँग्ज’ची स्वरलिपी एडवर्ड बी. मार्क्सची आहे. वाइनस्टीन २००५ साली गेले, म्हणजे भारतातही शब्दांचा हक्क २०६५च्या अखेरीपर्यंत आहे. गाण्याचं नाव, लांबी, किती प्रती, कोणकोणत्या देशांत, डाउनलोड की फक्त स्ट्रीमिंग, हे सगळं पहिल्याच पत्रात द्या. कार्यक्रमाच्या निदान तीन महिने आधी. गायिकेसाठी एक आणि वादकासाठी एक, अशा दोन विकत घेतलेल्या प्रती हव्यात, झेरॉक्स नाही.

तिसरी गोष्ट व्हिडिओ. ध्वनीचा परवाना चित्राला चालत नाही. कार्यक्रमाचं चित्रीकरण टाकणार असाल तर प्रकाशकाकडून वेगळी परवानगी घ्या.

मराठी गाण्याबद्दल: भाषांतराचा हक्क मूळ मालकाकडेच असतो. म्हणून मराठीत करायचं गाणं मुक्त झालेल्यांतूनच घ्या. मग परवानगीचा प्रश्न नाही, आणि मराठी शब्दांचा हक्क भाषांतर करणाऱ्याकडे राहतो.

माजिवडा_मेझो

सगळ्यांचे मनापासून आभार. शेपटीशी उभं राहण्याची सूचना वादकाला फारच पटली. तीन महिने आधीचं पत्र आज लिहायला घेते. उच्चार आणि प्रेक्षक राहिलेत. छापील शब्द वाटायचे का? आणि मराठी गाण्याचे शब्द अजून बसत नाहीत, ओळीच्या शेवटी लांब सूर आला की अडकतंय.

पाचपाखाडी_स्वर

उच्चारांबद्दल स्पष्टच सांगते ताई, कारण माइक २० सेंटिमीटरवर असताना काहीच लपत नाही.

आपल्या जिभेची सवय ‘ट’ आणि ‘ड’ टाळूकडे वळवून म्हणायची. अमेरिकन टी आणि डी दातांच्या मागे हिरडीवर लागतात. आपला ‘ट’ माइकवर जाड ठोका होऊन येतो आणि हळव्या ओळीचं वजनच बदलतो. दोन स्वरांच्या मध्ये आलेला टी तर अमेरिकन बोलीत जवळजवळ आपल्या हलक्या ‘र’सारखा उडतो: वॉटर, लिटल, गॉट इट. तो स्वच्छ ‘ट’ म्हणून गायला की गाणं लगेच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत जाऊन बसतं.

व्ही आणि डब्ल्यू आपण एकाच ‘व’वर भागवतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, डब्ल्यूला ओठांचा चंबू करा आणि दात लांब ठेवा. ‘थिंक’मधला थ हा आपला महाप्राण थ नाही. जीभ दातांच्या मध्ये आणि फक्त हवा.

शब्दाच्या सुरुवातीचे पी, टी, के हे श्वास सोडून येतात. आपण ते श्वासाशिवाय म्हणतो, त्यामुळे अमेरिकन कानाला ‘पिअर’ हे ‘बिअर’सारखं लागू शकतं. श्वास सोडायला शिकलात की हाच श्वास माइकवर धप्प आपटतो, म्हणून वाशीकरांनी माइक १५-२० अंश बाजूला ठेवायला सांगितलाय. तोंडासमोर हात धरून तालीम करा. पीच्या वेळी हवा तळहाताला लागली पाहिजे, माइक असेल त्या जागी धरलेल्या बोटाला नाही.

छापील शब्द द्या, पण एकाच कागदावर आणि जाडसर, न चुरचुरणाऱ्या. चार पानी पुस्तिका दिली तर सर्वांत हळू गाण्याच्या मध्यावर दीडशे पानं एकदम उलटतात, आणि तो आवाज कशानेही काढता येत नाही. पाठपोट छापलंत तर कागद उलटायची जागा टाळ्यांमध्येच येईल असं बघा. विनोदी गाण्यांचे शब्द मात्र देऊच नका. लोक पुढची ओळ आधी वाचतात आणि तुम्ही ती ओळ गाण्याच्या आधीच हशा येतो. त्याऐवजी गाण्याआधी अर्धा मिनिट मराठीत प्रसंग सांगा: कोण, कुठे, कोणाशी बोलतंय. विनोद सांगायचा नाही.

मराठी गाण्याचं अडतंय ते अशामुळे: आपल्या शब्दांच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारतच नाही. ‘घर’, ‘पाऊस’, ‘आठवण’ यांवर चार मात्रांचा सूर लांबवायला गेलं की ‘घरऽऽ’ होतं आणि कानाला खटकतं. लांब सुराखाली आ, ए किंवा ओ येणारे शब्दच ठेवा: ‘आता’, ‘कुठे’, ‘जातो’, ‘वाटे’. ऱ्हस्व इकार-उकार लांब सुरावर नकोत. जोडाक्षराने आधीचं अक्षर जड होतं, म्हणून मूळ इंग्रजी ओळीत जोर आहे त्याच जागी ते जड अक्षर आणा. आधी ओळीचा शेवट पक्का करा आणि मग मागे मागे या, सुरुवातीपासून लिहीत गेलात तर शेवटी नेहमी अडकायला होतं.

वाशी_ध्वनी

प्रेक्षकांचं आणि जोडकामाचं राहिलं होतं.

दोन कार्यक्रमांतून निवड करताना गाणं अख्खं घ्या. मेट्रोनोम नाही, त्यामुळे शनिवारची आणि रविवारची लय जुळत नाही. जोड द्यायचाच तर व्हर्स संपून रिफ्रेन (मुख्य चाल) सुरू होतो तिथल्या श्वासात, आणि तोही पॅडलचा नाद पूर्ण विरल्यावर. रविवारी प्रेक्षक गेल्यावर, काहीही न हलवता, फसलेल्या जागा पुन्हा गाऊन घ्या. उभं राहण्याच्या जागेला जमिनीवर टेप लावून ठेवा. मात्र रिकाम्या सभागृहाचा नाद भरलेल्यापेक्षा लांब असतो, कपडे आणि माणसं आवाज शोषतात. म्हणून हे तुकडे लहान जागांपुरतेच. दोन्ही दिवशी प्रेक्षक शांत बसलेले असताना एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. निवेदन करणाऱ्याने विनंती केली की लोक आनंदाने बसतात.

हशा ठेवा, सगळा ठेवा. हशा आल्यावर तुम्ही पुढची ओळ जेवढी थांबवता तेवढीच पियानोवाल्यालाही थांबवावी लागते, आणि तो थांबा काढला तर गाणं तुटतं. टाळ्या चार ते सहा सेकंद आणि मग हळूहळू खाली. शेवटच्या सुराचा नाद संपायच्या आत टाळ्या पडल्या तर कापायला जाऊ नका, नाद अर्धवट तुटलेला कळतो.

गाण्याआधीचं बोलणं आधीच्या ट्रॅकच्या शेवटी टाका, पुढच्याच्या सुरुवातीला नाही. कोणी एकच गाणं लावलं तर पहिल्या सेकंदाला पियानो यायला हवा. ट्रॅकमधली पोकळी शून्य. आवाजाला ८० हर्ट्झखाली फिल्टर, पियानोच्या माइकना नको. लिमिटर लावून फुगवू नका. वजा १६ ते वजा १८ लफ्स (LUFS, कानाला जाणवणाऱ्या एकूण मोठेपणाचं माप) आणि शिखर वजा १ डेसिबल ठीक आहे, एरवी पुटपुटणं आणि ओरडणं एकाच उंचीवर येतं.

आणि तारीख बघून घ्या: १९ फेब्रुवारीला शिवजयंती, आजूबाजूच्या चार-पाच दिवसांत मिरवणुका असतात. लग्नाचा हंगामही असतो आणि वरातींचे डीजे रात्री दहापर्यंत चालतात. आठचा कार्यक्रम नेमका त्यात सापडतो. दुपारी चारला ठेवलात तर बरीच सुटका होईल. रेल्वे ट्रॅकला लागून असलेलं सभागृह असेल तर शुक्रवारी त्याच वेळी अर्धा तास नुसतं रेकॉर्ड करून ठेवा. लोकलची घरघर फिल्टरने जाते, हॉर्न जात नाही.

माजिवडा_मेझो

दुपारी चार पक्कं केलं, महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी. ट्यूनरला शनिवारी सकाळी अकरा आणि रविवारी बाराला बोलावतेय, एसी दोन्ही दिवशी सकाळी सातपासून. एकच विचारायचं राहिलं: अपराइट घ्यावा लागला तर मी कुठे उभी राहू?

नौपाडा_सूर

अपराइट प्रेक्षकांशी काटकोनात ठेवा, म्हणजे त्याची पाठ तुमच्याकडे आणि वादकाचं तोंडही तुमच्याकडे. पाठीपासून दोन मीटरवर उभ्या राहा, म्हणजे पियानोचे माइक मध्ये मावतील. ते तुमच्याकडे पाठ करून लावायचे आणि फिगर-एटची कूस इथेही पियानोकडेच. वादकाला वरच्या झाकणावरून तुम्ही दिसायला हव्यात, म्हणून स्टूल उंच नको, पियानोच बुटका बघा: १२२-१२५ सेंटिमीटर, १३०च्या वर नको.